नवजात ताऱ्यांची छायाचित्रं: मूळ फाइल शोधण्यापासून स्वतः रंग भरण्यापर्यंत

व्हॉट्सॲपवर ‘ताऱ्याचा जन्म’ म्हणून फिरणारं चित्र दहा हातांतून गेलेलं असतं. कडा कापलेल्या, रंग भडक केलेले, वर एखादा सुविचार. त्याच चित्राची मूळ फाइल दुर्बिणीच्या संग्रहात फुकट उपलब्ध असते आणि ती उतरवायला संशोधक असावं लागत नाही. घरचा लॅपटॉप, बरं ब्रॉडबँड आणि दोन-तीन संध्याकाळी एवढ्यावर काम भागतं. ८ जीबी रॅम असेल तर हबल या अंतराळ दुर्बिणीच्या फाइल्स आरामात उघडतात. जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीच्या मोठ्या फाइल्सना १६ जीबी बऱ्या.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. चित्र समोर आलं की ते कशाचं आहे हे विचारण्याआधी दुर्बिणीवर फिल्टर (ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणाऱ्या काचा) कोणते होते ते विचारायचं.

फिल्टर का महत्त्वाचा

तारे जन्मतात ते थंड वायू आणि धुळीच्या दाट ढगात. ही धूळ दृश्य प्रकाश अडवते, पण तरंगलांबी वाढेल तशी ती पारदर्शक होत जाते. त्यामुळे एकाच जागेची चार चित्रं चार वेगळ्या गोष्टी दाखवतात. हबलच्या गाजलेल्या दृश्य प्रकाशातल्या चित्रांत ढगाचा उजळलेला पृष्ठभाग दिसतो. वेब दुर्बिणीचा निअरकॅम हा कॅमेरा ०.६ ते ५ मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पाहतो, म्हणून धुळीआडचे तारे बाहेर येतात. तिचंच मिरी हे उपकरण ५ ते २८ मायक्रॉनमध्ये धुळीची स्वतःची चमक टिपतं आणि तिथे बहुतेक साधे तारे विझल्यासारखे होतात. गरुड तेजोमेघातल्या वायू-धुळीच्या खांबांचं २०२२ च्या ऑक्टोबरमधलं मिरीचं चित्र पाहून ‘यातले तारे गेले कुठे’ असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर हेच. चिलीतली आल्मा ही रेडिओ दुर्बीण मिलिमीटर लहरींत थंड धुळीची तबकडी दाखवते. वृषभ तारकासमूहातल्या एचएल टाउरी या ताऱ्याभोवतीची वलयं २०१४ मध्ये तिनंच दाखवली.

फिल्टरचं नाव वाचायला सोपं आहे. वेबच्या ‘एफ४४४डब्ल्यू’मध्ये एफ म्हणजे फिल्टर, ४४४ म्हणजे ४.४४ मायक्रॉन आणि डब्ल्यू म्हणजे रुंद पट्टा. शेवटी एम असेल तर पट्टा मध्यम, एन असेल तर अरुंद. अरुंद फिल्टर सहसा एखाद्या ठरावीक रेषेसाठी, म्हणजे एखादा वायू ज्या नेमक्या तरंगलांबीवर चमकतो तिच्यासाठी असतो. एफ१८७एन आयनीभूत हायड्रोजन दाखवतो. एफ४७०एन रेणूरूपातला हायड्रोजन दाखवतो, म्हणजे नवजात ताऱ्यातून सुटलेले झोत ढगावर आदळतात त्या जागा. झोत शोधायचे असतील तर आधी हाच पाहा.

इथे फसायची एक जागा आहे. हबलच्या दृश्य प्रकाशाच्या फिल्टरमधला आकडा नॅनोमीटरचा असतो (एफ६५७एन म्हणजे ६५७ नॅनोमीटर), पण त्याच हबलच्या अवरक्त कॅमेऱ्याचा एफ१६०डब्ल्यू म्हणजे १.६० मायक्रॉन. आकडा लहान, तरंगलांबी मोठी. फाइल्स आकड्यांच्या क्रमाने लावून रंग दिले की अवरक्त फाइलला निळा रंग जातो आणि सगळं चित्र उलटं होतं.

नुसतं चांगलं चित्र हवं असेल तर

शाळेच्या फलकासाठी किंवा व्याख्यानासाठी तयार चित्र हवं असेल तर संग्रहात शिरायची गरजच नाही. नासाच्या आणि युरोपीय अंतराळ संस्थेच्या वेब-हबल संकेतस्थळांवर प्रत्येक चित्राच्या पानावर पूर्ण आकाराची टिफ फाइल असते. मोबाइलवर दिसणारी लहान प्रत जतन करू नका, ए-३ आकारात छापली की पिक्सेल मोजता येतात. त्याच पानावर कोणत्या फिल्टरला कोणता रंग दिला तेही लिहिलेलं असतं. १२ जुलै २०२२ ला प्रसिद्ध झालेल्या ‘कॉस्मिक क्लिफ्स’ या, डोंगरकड्यासारखा दिसणारा ढग दाखवणाऱ्या चित्रात सहा फिल्टर आहेत: एफ०९०डब्ल्यू निळा, एफ१८७एन आकाशी, एफ२००डब्ल्यू हिरवा, एफ४७०एन पिवळा, एफ३३५एम नारिंगी, एफ४४४डब्ल्यू लाल. हे एकदा ठाऊक झालं की त्या डोंगराच्या कडेवरचे पिवळसर फराटे नुसते शोभेचे राहत नाहीत.

युरोपीय संस्थेची चित्रं श्रेय देऊन वापरता येतात. श्रेयाची ओळ चित्राखालीच असते, ती जशीच्या तशी उचला.

हाती आलेलं चित्र खरं आहे का हे पाहायला तेजस्वी ताऱ्यांचे काटे मोजा. हबलच्या चित्रात चार काटे. वेबच्या चित्रात सहा मोठे आणि दोन छोटे आडवे. एकाच चित्रात काही ताऱ्यांना चार आणि काहींना आठ काटे दिसले तर ते एक तर दोन दुर्बिणींचं जोडकाम आहे किंवा संगणकानं रचलेलं. काट्यांची दिशाही सगळ्या ताऱ्यांना सारखीच हवी. ‘आर्टिस्ट्स कन्सेप्ट’ असं लिहिलेलं असेल तर ते चित्रकाराचं काम आहे, दुर्बिणीचं नव्हे. आदिताऱ्यांच्या (अजून घडत असलेल्या ताऱ्यांच्या) बाबतीत ही गल्लत फार होते, कारण मथळ्यात ‘छायाचित्र’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘कल्पनाचित्र’.

नाव आणि जागा पक्की करणं

या लेखात नावं देवनागरीत आहेत, शोधपेटीत मात्र ती रोमन लिपीतच टाइप करावी लागतात.

सुरुवातीला ही चार ठिकाणं पुरेत. मृगातला तेजोमेघ एम ४२, अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं. गरुड तेजोमेघ एम १६, सुमारे ६,५०० प्रकाशवर्षं. कॉस्मिक क्लिफ्स असलेला एनजीसी ३३२४, सुमारे ७,६०० प्रकाशवर्षं. आणि वृषभेतला एल१५२७, सुमारे ४६० प्रकाशवर्षं. शेवटचा आकाराने छोटा, पण एकच तारा घडताना पाहायचा तर याच्याइतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. वाळूच्या घड्याळासारखा आकार, आणि मधल्या चिमटीत काळी आडवी रेघ. ती रेघ म्हणजे ताऱ्याभोवतीची तबकडी, कडेकडून पाहिलेली. तारा तिच्याआड आहे, तो दिसतच नाही. वर-खाली पसरलेला उजेड त्यानंच पोखरलेल्या पोकळ्यांच्या भिंतींवरून येतो.

नाव सिम्बाड या खगोलीय वस्तूंच्या ऑनलाइन कोशात टाकलं की विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांश, मिळतात. एल१५२७ हे ढगाचं नाव आहे, ताऱ्याचं नव्हे. ताऱ्यासाठी ‘आयआरएएस ०४३६८+२५५७’ टाका. या नावातच जागा लिहिलेली आहे: विषुवांश ४ तास ३६.८ मिनिटं, क्रांती +२५ अंश ५७ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). पण ते आकडे १९५० च्या संदर्भाचे, म्हणजे त्या सालच्या आकाश-जाळीवर मोजलेले आहेत. आजचे संग्रह २००० चा संदर्भ धरतात आणि त्यात हा तारा ४ तास ३९ मिनिटं ५४ सेकंद, +२६ अंश ३ कला इथे येतो. नावातले आकडे थेट शोधपेटीत टाकले तर जवळपास ४० कला चूक होते, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबापेक्षा जास्त. शोध रिकामा येतो आणि माणूस समजतो की डेटाच नाही. जागा नेहमी कोशातून घ्या, नावातून नको.

जागा मिळाली की लगेच फाइल उतरवू नका. आधी ॲलाडिन लाइट किंवा ईएसएस्काय हे ब्राउझरमधले आकाशनकाशे उघडा. सुरुवातीला ‘डीएसएस’ हा दृश्य प्रकाशाचा थर लावा: एल१५२७ च्या जागी ताऱ्यांविना काळपट डाग. मग ‘टूमास’, मग ‘वाइज’ हे अवरक्त थर. त्याच डागात लाल ठिपका उजळतो. हे थर बदलणं पाच मिनिटांचं काम आहे आणि धूळ म्हणजे काय ते त्यातून जितकं कळतं तितकं परिच्छेद वाचून कळत नाही. ईएसएस्कायमध्ये हबल आणि वेबनं नेमका कुठला चौकोन टिपला आहे त्याच्या चौकटीही दिसतात. तुमची जागा चौकटीत नसेल तर पुढचे कष्ट वाचतात.

ॲलाडिनमध्ये ‘टीजीएसएस’ नावाचा रेडिओ थरही आहे. तो आपल्या नाशिक-पुणे रस्त्यावरच्या नारायणगावजवळ, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं घेतलेला, १५० मेगाहर्ट्झचा. बारकावा २५ विकलांचा (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), त्यामुळे देखणं चित्र म्हणून निराशा होईल. पण आयनीभूत वायूचा थर कुठवर पसरलाय ते वेगळ्या नजरेनं बघायला एकदा जरूर लावून पाहा.

संग्रहातून उतरवणं

हबल आणि वेब दोन्हींचा डेटा ‘मास्ट’ या संग्रहात आहे, बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये. सार्वजनिक फाइलसाठी खातं लागत नाही.

शोधपेटीत नाव किंवा जागा टाका आणि त्रिज्या ०.०५ अंश ठेवा, म्हणजे ३ कला. मोठी त्रिज्या ठेवली तर मृगासारख्या ठिकाणी हजारो नोंदी येतात. मग डावीकडच्या गाळण्या लावा: मिशन, उपकरण, प्रकार ‘इमेज’, कॅलिब्रेशन पातळी ३. पातळी ३ म्हणजे अनेक एक्स्पोजर जुळवून, कॉस्मिक किरणांचे डाग काढून तयार केलेली फाइल. वेबसाठी नावाच्या शेवटी ‘आय२डी’, हबलसाठी ‘डीआरझेड’ किंवा ‘डीआरसी’ असतं. ‘अनकॅल’, ‘रेट’, ‘एफएलटी’ या आधीच्या टप्प्यांच्या फाइल्स; त्यांच्या वाटेला जाऊ नका. ‘एचएलएसपी’ असा शिक्का दिसला तर ती फाइल एखाद्या चमूनं आधीच नीट जोडून दिलेली असते, ती पहिल्यांदा घ्या. कॉस्मिक क्लिफ्ससाठी सरळ प्रोग्राम क्रमांक २७३१ टाका, शोधाशोध वाचते.

नोंदीवर कुलूप दिसलं तर तो डेटा अजून निरीक्षण करणाऱ्या चमूसाठी राखीव आहे. वेबसाठी ही मुदत सहसा १२ महिने असते. ती संपली की कुलूप आपोआप निघतं.

फाइलचा आकार आधी बघा. हबलची एक फाइल दोनेकशे एमबीची, वेबच्या मोठ्या जोडचित्राची काही जीबींची. झिप करून उतरवायला लावलं आणि मध्येच लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा डाउनलोडच्या पर्यायांत ‘कर्ल स्क्रिप्ट’ निवडा. एक छोटी फाइल मिळते, ती चालवली की एकेक फाइल स्वतंत्रपणे उतरते. तुटलं तर राहिलेल्याच पुन्हा घ्यायच्या.

रंग भरणं

पहिला सराव हबलच्या एम १६ वर करा. फाइल्स आटोपशीर आणि फिल्टर तीनच: एफ५०२एन (ऑक्सिजन), एफ६५७एन (हायड्रोजन), एफ६७३एन (गंधक). खांबांचं पहिलं गाजलेलं चित्र १९९५ चं, पण सरावाला २०१४ मध्ये नव्या डब्ल्यूएफसी३ कॅमेऱ्यानं घेतलेला डेटा घ्या. त्या कॅमेऱ्याचं क्षेत्र जेमतेम २.७ कला आहे, म्हणून एका फाइलमध्ये खांबांचा तुकडाच आला तर गोंधळू नका.

संग्रहातून उतरलेली फिट्स प्रकारची फाइल नेहमीच्या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये टाकली की बहुधा काळा पडदा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. तेजस्वी तारा आणि अंधुक ढग यांच्या आकड्यांत हजारो पटींचा फरक असतो आणि सरळ मोजपट्टीवर ढग तळाशी चिकटून बसतो. म्हणून ताणणं, म्हणजे अंधुक भाग मुद्दाम उजळ करणं लागतं. सगळ्यात सोपा मार्ग डीएस९ या मोफत सॉफ्टवेअरचा:

१. ‘फ्रेम’ मेनूतून नवी आरजीबी फ्रेम उघडा.
२. छोट्या खिडकीत लाल निवडून एफ६७३एन, हिरवा निवडून एफ६५७एन, निळा निवडून एफ५०२एन उघडा.
३. प्रत्येक रंगासाठी ‘स्केल’मध्ये ‘एसिंच’ (asinh) निवडा, मर्यादा ९९.५ टक्के ठेवा.
४. मग काळी आणि पांढरी मर्यादा हातानं हलवा. काळी मर्यादा पिक्सेलांच्या आकड्यांच्या आलेखातल्या डाव्या उंचवट्याच्या पायथ्याशी. त्याच्या पुढे नेली तर अंधुक धूळ कापली जाते आणि पार्श्वभूमी कोळशासारखी होते.

पहिलं चित्र हमखास हिरवंगार येतं, कारण या तिघांत हायड्रोजनची रेषा सगळ्यात जोरदार. हिरव्याची पांढरी मर्यादा वाढवा, लालची आणि निळ्याची कमी करा. सोनेरी-निळसर झाक आली की थांबा.

डीएस९ तिन्ही फाइल्स आकाशातल्या जागेनुसार आपोआप जुळवतं, हा मोठा फायदा. तोटा असा की ‘सेव्ह इमेज’ केलं की खिडकीत दिसतं तेवढंच आणि तेवढ्याच पिक्सेलचं जतन होतं. मोठी प्रत हवी तर फिट्स लिबरेटर या सॉफ्टवेअरमधून प्रत्येक फिल्टरची १६ बिटची टिफ काढा आणि गिंप या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये थरावर थर ठेवून, प्रत्येकाला रंग देऊन, थरांची पद्धत ‘स्क्रीन’ करा.

वेबच्या बाबतीत इथेच घोळ होतो. निअरकॅमच्या लघुतरंग फाइलचा पिक्सेल सहसा ०.०३१ विकलांचा, दीर्घतरंग फाइलचा ०.०६३ चा. दुसरी फाइल दुप्पट मोठी केली की जवळपास बसते, पण नेमकी नाही, कारण गुणोत्तर २ नसून २.०३ च्या आसपास आहे. मधले तारे जुळतात आणि कडेच्या ताऱ्यांना एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळी किनार येते. ताऱ्यांवरून आपोआप जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरवरही फार विसंबू नका: एफ०९०डब्ल्यूमध्ये दिसणारे तारे आणि एफ४४४डब्ल्यूमधले तारे बरेचदा वेगळेच असतात. थोडं पायथन येत असेल तर ॲस्ट्रोपायच्या जोडीचं ‘रीप्रोजेक्ट’ वापरून सगळ्या फाइल्स एकाच जाळीवर आणा. दहा ओळींचं काम आहे.

वेबच्या तेजस्वी ताऱ्यांच्या मधोमध काळं भोक दिसलं तर ते कृष्णविवर नव्हे! तिथे संवेदक भरून वाहिला, म्हणून आकडाच नोंदला गेलेला नाही. प्रसिद्ध चित्रांत ती भोकं बुजवलेली असतात. तुम्हीही बुजवा, पण त्या जागेवरून काही मोजू नका.

स्वतःच्या कॅमेऱ्यानं, नाशिकमधून

यातला एम ४२ तुमचा तुम्हीही टिपू शकता. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली अंधुक ताऱ्यांची जी उभी ओळ दिसते, तिच्या मधला धुरकट ठिपका तोच. नाशिकचं अक्षांश २० अंश, तेजोमेघाची क्रांती उणे ५.४, म्हणजे तो दक्षिणेला जवळपास ६५ अंशांपर्यंत चढतो. डिसेंबरच्या मध्यावर हे मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासानं होतं, जानेवारीच्या शेवटी रात्री पावणेदहाच्या सुमारास.

अंधारासाठी हरसूल, पेठ, सुरगाण्याकडे जावं. पण पश्चिमेला गेलात की शहराचा उजेड पूर्वेच्या क्षितिजावर येतो, आणि मृग उगवतो तो पूर्वेलाच. तो माथ्याकडे चढेपर्यंत थांबा. निफाडच्या बाजूला थंडी कडक आणि दव भरपूर. लेन्सवर दव बसलं की तारे फुगलेले दिसतात आणि माणूस फोकस हलवत बसतो. लेन्सभोवती मोज्यात गुंडाळलेली गरम पिशवी पुरते.

एपीएस-सी कॅमेरा, २०० मिलिमीटर लेन्स, साधा ट्रायपॉड असेल तर एक्स्पोजर १ सेकंद. दीडच्या पुढे तारे रेघा होतात. एफ/२.८ ते एफ/४, आयएसओ ३२००, रॉ फाइल, ३०० ते ४०० फोटो. दर ५० फोटोंनंतर तेजोमेघ मध्यावर आणा. शेवटी त्याच तापमानाला झाकण लावून २०-३० काळे फोटो घ्या आणि सगळं सिरिल या फोटो रचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रचा. मधला भाग पांढराफटक पडतोच, म्हणून पाव सेकंदाचे ५० फोटो वेगळे घ्या. लाल रंग कमी आला तर कॅमेऱ्यातला मूळ फिल्टर हायड्रोजनचा बराचसा लाल प्रकाश अडवतो हे कारण आहे, हातचं काही चुकलेलं नाही.

एम १६ साठी पावसाळा आडवा येतो. तो मध्यरात्री माथ्याजवळ असतो तेव्हा इथे धो धो पाऊस. एप्रिलची पहाट किंवा ऑक्टोबरची संध्याकाळ धरा. एनजीसी ३३२४ नाशिकहून जास्तीत जास्त ११ अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेला डोंगर असेल तर विसराच.

मोजपट्टी लावणं

चित्र पूर्ण झालं की कोपऱ्यात फिल्टर-रंगांची यादी, उत्तर दिशेचा बाण आणि मोजपट्टी द्या. मोजपट्टीचा हिशेब सोपा आहे. अंतर पार्सेकमध्ये घ्या (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं). जितके पार्सेक तितके खगोलीय एकक (एक एकक म्हणजे सूर्य ते पृथ्वी अंतर) एका विकलेत मावतात. एल१५२७ साठी ४६० भागिले ३.२६, म्हणजे सुमारे १४० पार्सेक. एक विकला म्हणजे १४० खगोलीय एकक. निअरकॅमच्या दीर्घतरंग फाइलमधला एक पिक्सेल म्हणजे जवळपास ९ एकक, सूर्य ते शनी अंतराहून थोडं कमी. १,००० एककांची पट्टी काढायची तर ती ११३ पिक्सेल लांब येईल.